'सातव्या धक्क्या'नंतर बसलेला आठवा

रेगो पार्क, क्वीन्स
गुरुवार

प्रिय सेल्माताई,

तुला आणि मॉर्टीभावजींना धाकटीचा नमस्कार. तुझा डावा गुडघा, भावजींचं पित्त आणि तुमच्या तळ्यातली ती मगर, तिघंही आपापल्या जागी शांत असतील अशी आशा आहे. (मगरीची चौकशी मनापासून करते आहे. गेल्या पत्रात तू तिच्याबद्दल दोन पानं लिहिलीस आणि भावजींबद्दल दीड ओळ. फ्लोरिडातल्या तुझ्या घरात मान कुणाला आहे ते समजलं.) माझं म्हणशील तर बरं चाललंय. रक्तदाब आहे तिथेच आहे, आणि इमारतीची लिफ्टही आहे तिथेच, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला थांबवतेस आणि हे प्रकरण तीन वाक्यांत मावणारं नाही.

आमच्या 'सातवा धक्का' या संगीत नाटकाच्या स्मरण मंडळाला तू आजवर हसत आलीस. हस बापडी. पण बंदरावर मासे विकणारी नोरा आणि तिची न परतणारी बोट यांनी ब्रॉडवे हलवून सोडला होता हे तूही नाकारणार नाहीस. ते नाटक पुढे तीन वेळा नव्याने आलं. (एकदा तर सगळ्या कोळिणी चाकांच्या बुटांवर घसरत होत्या. एक थेट वाद्यवृंदात गेली.) आम्ही दर वेळी गेलो, मध्यंतरात एकमेकांकडे बघून "मूळ संच तो मूळ संच" म्हणून उसासे टाकले आणि पुन्हा आत जाऊन बसलो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही नवव्या ॲव्हेन्यूवरच्या त्या सँडविचवाल्या डेलीत जेवायला जमतो. अध्यक्ष मिल्टन क्रुपनिक, निवृत्त दंतवैद्य, त्यांनी मूळ प्रयोग एकतीस वेळा पाहिला. कार्मेलो फुलवाला, त्याच्याकडे मूळ पडद्याचा हातभर तुकडा आहे. (कसा आला ते विचारायचं नाही.) आणि मी. बाकीचे देवाघरी गेले किंवा न्यू जर्सीला.

आमचं सगळं दैवत म्हणजे सत्त्याहत्तरच्या नोव्हेंबरातला तो बुधवार, दुपारचा खेळ. शेवटच्या गाण्यात नोरा झालेली डेल्फीन मार्लो वरच्या सुराला जाता जाता थबकली, माशांच्या खोक्यावर बसली, वाद्यं थांबली, आणि उरलेलं गाणं तिने तसंच, साथीशिवाय, रडत रडत म्हटलं. सगळं थिएटर उभं राहिलं. तू आणि मी बाल्कनीत होतो, त्या खांबामागे. थिएटरात खुर्च्या अकराशे, पण त्या दिवशी आपण होतो असं सांगणारे निदान नऊ हजार लोक या शहरात आहेत असा मिल्टनचा हिशेब आहे. ते सगळे खोटारडे, खरे आम्हीच. मिल्टनने त्या बसण्यावर चाळीस पानी निबंध लिहिलाय. खोकं म्हणजे शवपेटी, बसणं म्हणजे नशिबाला शरण जाणं, वगैरे. दर वर्षी तो वाचला जातो. वाढणाऱ्या बाईलाही पाठ आहे, पण ती बिचारी मधे सूप आणून थोडा दिलासा देते.

तर या सोमवारी कार्मेलोने एक पाहुणी शोधून आणली. विनी ॲबरनॅथी, वय वर्षं एकोणऐंशी, मूळ संचातली तिसरी कोळीण. पुढे आयुष्यभर मुलांना नाच शिकवला. बुटकी, लाल टोपी, आवाज खरखरीत. आम्हाला हवं होतं एवढंच की तिने डेल्फीनच्या आठवणी सांगाव्यात आणि आम्ही डोळे पुसावेत. ती पास्ट्रामीचं सँडविच मन लावून खात होती. मिल्टन निबंधाच्या तेराव्या पानावर, "आणि मग डेल्फीन बसली" इथवर आले, तशी विनीबाईंनी लोणच्याची काकडी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "डेल्फीन नव्हती हो ती. मी होते."

ताई, वाढणारी बाईसुद्धा सूप घेऊन आल्या पावली परत गेली.

डेल्फीनने म्हणे जेवणात शिळी कालवं खाल्ली आणि ती मोरीतून बाहेर येईना. बदली नटीने त्याच आठवड्यात पाय मोडून घेतलेला. गाणी येणारी उरली तिसरी कोळीण. रंगमंचावरून तशी घोषणा झाली, पण लोक ओले कोट काढून खुर्चीखाली कोंबण्यात गुंतलेले. प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत तेच सांगणारी पांढरी चिठ्ठीही घातली होती. मिल्टन कसे लाल झाले म्हणून सांगू! म्हणाले, "बाईसाहेब, या वयात स्मृती दगा देते."

"कुणाची?" विनीबाई म्हणाल्या.

मग मिल्टनने मतदान घ्यायचं ठरवलं. (हसू नकोस. मंडळाच्या घटनेत तशी तरतूद आहे.) ती बाई स्वतः होती की नव्हती, यावर तिच्याच समोर हात वर झाले. मिल्टन "नव्हती", कार्मेलो "होती", आणि मी, लाज वाटते सांगायला, "नव्हती". बेचाळीस वर्षं जिची आठवण काढून रडले तिला एका काकडीसाठी कशी सोडून देऊ?

विनीबाई रागावल्या नाहीत. टोपी सारखी करत म्हणाल्या, "माझा नवरा त्या दिवशी आला नाही, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. आईला उशिरा कळवलं. जे अकराशे लोक होते त्यांनी डेल्फीनला पाहिलं. मग मला पाहिलं कुणी?"

कार्मेलो हळूच म्हणाला, "म्हणून दाखवता का?" त्या म्हणाल्या, घास तरी गिळू दे. घास गिळला, पाणी प्यायल्या आणि बसल्या जागेवरून म्हणायला लागल्या. आवाज कसला, गंजलेली बिजागरी. पण वरच्या सुराच्या अलीकडे तो श्वास घेतला ना, तोच, अगदी तिथेच, एक हुंदका अर्ध्यावर धरून ठेवल्यासारखा, तेव्हा माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. तो श्वास नंतरच्या कुठल्याच नोरेने घेतला नाही. डेल्फीनने ध्वनिमुद्रिकेतसुद्धा घेतलेला नाही! पलीकडच्या टेबलावरचे लोक खायचे थांबले. सगळ्यात आधी उभे राहिले ते मिल्टन, गळ्यात रुमाल तसाच खोचलेला. नुसते टाळ्या वाजवत राहिले.

जरा सावरल्यावर त्यांनी विचारलं, "पण मग बसलात कशासाठी? त्या बसण्यात तुमच्या मनात नेमकं काय होतं?"

"बूट," विनीबाई म्हणाल्या. "डेल्फीनचे. दीड नंबर लहान. त्यातून कोळिणीचे, लाकडी तळाचे. उभं राहवेना म्हणून बसले. वाद्यवृंदवाल्यांना वाटलं मला भोवळ आली, त्यांनी हात आखडले. आणि रडले म्हणाल तर दोन्ही अंगठे सोलले होते."

मिल्टनने निबंधाची चाळीस पानं पिशवीत घातली. मला वाटलं आता हे गृहस्थ आडवे होणार. पण त्यांनी मंडळाची वही काढली, त्या बुधवारच्या नोंदीतलं डेल्फीनचं नाव खोडलं, विनीबाईंना स्पेलिंग विचारून त्यांचं नाव घातलं आणि वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ते वाचलं. मग चष्मा काढून, पुसून, पुन्हा वाचलं आणि "चीजकेक बांधून मिळेल का?" असं विचारलं. कार्मेलो तर रुमालात तोंड घालून रडला.

भावजींना जपायला सांग. मगरीला नमस्कार.

तुझी,
रोझलिन

ता. क. खरं काम राहिलंच. विनीबाईंच्या नावाची ती पांढरी चिठ्ठी चौकटीत घालून त्यांना द्यायची असं मंडळाने ठरवलंय. मिल्टनने आपली तेव्हाच फेकली होती ("पत्रिकेचं सौंदर्य बिघडतं" म्हणून. म्हणजे वाचली होती!), कार्मेलोची हरवली. तू आयुष्यात काही टाकलेलं नाहीस. तुझ्या पत्रिकेतली चिठ्ठी लगेच पाठव.

ता. क. २. माझी का देत नाही असं विचारशील. माझी आज सकाळी सापडली, पत्रिकेतच होती. पण ती मी कुणालाही दाखवू शकत नाही, आणि तूही याबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. तिच्या मागे माझ्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, "डेल्फीन नाहीये! कुणी भलतीच आहे. मध्यंतरात सटकू या का?" आणि खाली तुझ्या अक्षरात, "बाहेर पाऊस आहे. बस गुपचूप."