भाच्याने मागितलेली नाव

अककुदुकच्या लोकहो! आपला समुद्र आपल्याला न विचारता नेला. नदी वरच्या वर अडवली, कापसाला पाजली आणि आपल्या अंगणात मीठ उडवले. पुढे कोणी बांध घातला, पाणी थोडे परतले, तर आपण हात जोडून आभार मानू लागलो. चोरीचा माल अर्धा परत मिळाला म्हणून आभार मानणारे लोक आपण! हा कागद माझ्या वारसांसाठी आहे, पण तो चावडीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा. माझ्या मालमत्तेतली एक वस्तू तुमच्या हातांवाचून कोणालाच मिळू शकत नाही.

मी, सागिंबाय इस्काकुली, वय चौऱ्याहत्तर, मासेमारी संघाचा निवृत्त टोळीप्रमुख, राहणार अककुदुक, अराल समुद्राचा उत्तर किनारा, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो आहे. माझे हृदय अधूनमधून ठोका चुकवते, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. डोके चुकवत नाही, असे मी म्हणतो, आणि खाली सही करणारे दोघे त्याला दुजोरा देतील. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला आलेले दोघे चहा पिऊन परत गेले. याआधीचे माझे लेखी तोंडी सगळे बोलणे या कागदाने रद्द होते; एक वचन तेवढे रद्द होत नाही, ते पुढे येईल.

१. घर, अंगण, विहीर आणि चूल रीतीप्रमाणे धाकट्या तलगातची. थोरल्याने मन छोटे करू नये. त्याला मी लग्नातच वेगळे घर दिले. बँकेत जे आहे त्यातून माझी माती आणि वर्षश्राद्धाचे जेवण व्हावे, उरेल ते मुलगी गुलशात हिचे. जेवणाला घोडा मारू नये. मासे शिजवावेत, आपल्याच पाण्यातले.

२. पुस्तके शाळेला. समासात मी लेखकांशी भांडलो आहे. ती भांडणे खोडू नयेत. पोरांना कळू द्या की छापलेल्याशीही भांडता येते.

३. माझी दुर्बीण ओराझाली यास. ज्या सभेत मी उभा राहून म्हणालो की पाणी दर वर्षी मागे सरकते आहे, त्या सभेचा अध्यक्ष तोच होता. "सागिंबाय, खाली बस. तुला दिसतं ते आम्हाला दिसत नाही," असे म्हणून त्याने सभा हसवली. आता दिसावे म्हणून दुर्बीण देतो. ती घ्यायला त्याने स्वतः यावे, नातवाला पाठवू नये.

(इथे उठलो होतो. समुद्रावरचा बर्फ राखाडी झाला आहे, पण अजून धरून आहे. डॉक्टरीणबाईंनी दारापलीकडे जायला मनाई केली आहे. मी दारापलीकडे गेलो नाही, छपरावर गेलो.)

४. आता नाव. एकच शीड, चार माणसांची, जुन्या पद्धतीची. ती कोशानच्या उंटांच्या गोठ्यामागे उपडी पडली होती आणि तिच्याखाली कोंबड्या झोपत होत्या. मी तिच्या बदल्यात दुभती सांडणी दिली. कोशानची बायको म्हणाली, "भाऊजी, आता कोंबड्या कुठे झोपतील? तुमच्या भाषणाखाली?" मी म्हणालो, "झोपतील, सगळं गाव झोपतं." सांडणी दिल्याबद्दल माझ्या मुलांनी महिनाभर माझ्याशी धड बोलणे टाकले होते. त्यांना मी या कागदाने माफ करतो.

नाव आणली त्या हिवाळ्यात मला धीर नव्हता, हे मी लेखी कबूल करतो. पस्तीस वर्षे कोरडी पडलेली नाव, फळ्यांमध्ये बोट जाईल अशा फटी. मी त्यांत कापूस आणि डांबर ठासले, हातोडीने ठोकठोकून, एक केस जाणार नाही इतके. वसंतात ती पाण्यात घातली. नवी वस्तू रिकाम्या हाताने पाहू नये म्हणून तुम्ही सगळे काही ना काही घेऊन आलात: दोर, कढईभर तळलेले बौरसाक, एक कोकरू. दोन दिवस ती तरंगली. तिसऱ्या दिवशी तिच्यातून हाडे मोडल्यासारखे आवाज येऊ लागले. खिळे उडाले, दोन बरगड्या तुटल्या, आणि तुमच्या डोळ्यांदेखत ती तळाला बसली. ओराझाली म्हणाला, "सागिंबायनं नावेलाही मध्ये बोलू दिलं नाही." तो आयुष्यात एकदाच खरे बोलला, ते तेव्हा.

बाल्झिया आपा त्या दिवशी आल्या नव्हत्या. त्यांचे वडील या किनाऱ्यावरचे शेवटचे नावा बांधणारे सुतार. मी त्यांच्याकडे गेलो, टोपी हातात घेऊन.

"कोरड्या लाकडात ठासलंस?" त्यांनी विचारले.

"ठासलं."

"मग लाकूड पाणी प्यालं आणि फुगलं. फुगायला त्याला जागा कुठे ठेवलीस? अरे, माझ्या बापाच्या काळी हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं. आधी बुडवायची, मग बुजवायची."

सगळ्या गावात हे एकालाही आठवले नाही. समुद्र नेणाऱ्यांनी नुसते पाणीच नव्हे, हे शहाणपणसुद्धा नेले होते. आम्ही नावेत ओल्या वाळूची पोती भरली आणि तिला उथळ पाण्यात बारा दिवस बुडवून ठेवले. फळ्या आपणहून एकमेकींना भेटल्या. मग बाहेर काढून तुटलेले बदलले. दोन फळ्या आपांच्या जुन्या दाराच्या आहेत. उरलेल्या फटींत आपांनी कापूस घातला, हलक्या हाताने, जखमेत घालतात तसा. शीडही त्यांनीच शिवले. गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघे वेतांच्या बेटापर्यंत जाऊन आलो. आपा सुकाणूशी होत्या. मी संपूर्ण वाटेत एक शब्द बोललो नाही; आपा साक्षीला आहेत.

५. आता ते वचन. माझी बहीण कमिला हिचा मुलगा एर्सैन याच्या पोराच्या पहिल्या पावलांचा समारंभ होता. मला बोलायला उभे केले. मी रीतींवर बोललो. रीत म्हणजे सोयीचा कोट नव्हे, हवा तेव्हा घालायचा आणि उकडले की काढायचा, असे बोललो. मग आवेशात म्हणालो, "भाच्यानं मामाच्या घरातून तीन वेळा काहीही मागावं आणि मामानं नाही म्हणू नये, ही आपली रीत. या मामानं कधी मूठ मिटली आहे का?"

एर्सैन उठला. बारा वर्षांचा असताना त्याने माझा करडा घोडा मागितला होता, लग्नात बंदूक. तो म्हणाला, "मिटली नाही, मामा. मग तिसरं मागतो. नाव द्या."

टाळ्या वाजल्या. टाळ्या मीच तयार करून ठेवल्या होत्या.

नंतर मी त्याला बाजूला घेतले. "काय करणार आहेस तिचं?"

"माझ्या हॉटेलच्या दारात ठेवणार, मामा. शिडाला दिवे लावणार. तालुक्याचा माणूस फोटो काढायला थांबला पाहिजे."

"आणि पाण्यात?"

"पाण्यात खराब होईल की."

बाल्झिया आपांनी ते ऐकले आणि एवढेच म्हणाल्या, "पहिल्या उन्हाळ्यात सांधे उघडतील. दुसऱ्यात हात आरपार जाईल. मग पुन्हा कोंबड्या."

लोक मला शहाणपण शिकवायला आले. म्हणाले, मागची तारीख घालून नाव आपांच्या नावे कर. जे तुझे नाही ते भाचा मागू शकत नाही. मी त्यांना दार दाखवले. कागदावर खोट्या तारखा घालून आपल्याला लुबाडणाऱ्यांविरुद्ध मी चाळीस वर्षे घसा कोरडा केला. ती विद्या मी मरताना शिकणार नाही. रीत माझ्या अंगावर आली म्हणून ती जुनाट झाली, असेही म्हणणार नाही. एर्सैन, नाव तुझी. मी दिली.

पण रीत पुरी पाळायची तर पुरी पाळू. भाच्याने मागितलेला घोडा भाचा स्वतः खोगीर घालून, स्वार होऊन नेतो. तुला त्या करड्याने दोनदा पाडले होते. मी लगाम धरला नाही, तुझी आई मला शिव्या देत होती. तिसऱ्यांदा तू बसलास आणि गेलास. दोरीने ओढून नेतात तो घोडा खाटकाचा असतो. म्हणून बर्फ फुटेल त्या सकाळी, मी असो वा नसो, तू यावेस. आपा सुकाणूशी बसतील, शिडाचा दोर तुझ्या हातात. वेतांच्या बेटाला वळसा घालून परत यायचे. आलास की नाव निर्विवाद तुझी. मग तिला दारात उभी कर, दिवे लाव, मी शपथ घालत नाही. तो दोर ज्याच्या हाताला एकदा ओढ देतो, तो माणूस पुढे काय करतो, यावर मी माझे उरलेले दिवस पणाला लावतो. तू त्या दिवशी आला नाहीस, किंवा आलास पण चढला नाहीस, तर तुझे तिसरे मागणे संपले असे धरावे आणि नाव बाल्झिया आपांची व्हावी. त्यांच्यानंतर, ज्याला त्या बुडवून बुजवायला शिकवतील त्याची.

(पुन्हा छपरावर जाऊन आलो. खाडीच्या तोंडाशी मोकळ्या पाण्याची एक काळी रेघ दिसते आहे.)

६. या कागदाच्या अंमलबजावणीसाठी मी कोणी एक माणूस नेमत नाही. मी तुम्हाला नेमतो. एर्सैन ट्रक पाठवेल, मला माहीत आहे. तो वाईट नाही, घाईत आहे. त्याला मी ओळखतो, कारण घाई आमच्या घराण्यातून त्याच्याकडे गेली आहे. ती नाव ट्रकवर चढवायला आठ माणसे लागतात. पाण्यात ढकलायलाही आठच लागतात. ती आठ माणसे तुमच्यातलीच असणार. आपला समुद्र गेला तेव्हा आपण किनाऱ्यावर उभे राहून पाहत होतो, आणि मीसुद्धा नुसता बोलत होतो. ट्रकचालक चहाला बोलावेल, पैसेही देऊ करेल. चहा प्या, पैसे नको म्हणा, हात खिशात ठेवा. आणि बर्फ फुटेल त्या सकाळी किनाऱ्यावर या, नावेला खांदा लावा आणि तिला पाण्यात ढकला.

सही: सागिंबाय इस्काकुली

साक्षीदार, दोघेही या मालमत्तेत वाटेकरी नाहीत:
१. रौशान बेक्तेमिरकीझी, शाळेतील भूगोल शिक्षिका (वाचून, दोन ठिकाणी असहमत होऊन सही केली)
२. अमांतुर झुबानुली, गुरांचे डॉक्टर

मुक्काम अककुदुक, २९ मार्च २०१९