पंपाच्या खोक्यावर मी काय लिहिलं

बाबा, आज सकाळी मी दम्याचा पंप घेतला की नाही, तेच मला आठवेना. पंपानंतरच्या गुळण्या केल्याचं आठवत होतं, पण त्या आजच्या की कालच्या? आताच्या पंपावर मागे आकडा असतो, दर खेपेला एकाने उतरतो. तुझ्या वेळी असलं काही नव्हतं. आकडा बघितला, चौऱ्याऐंशी. पण काल किती होता ते कुणाला ठाऊक! तुझा जावई चहा पीत बसला होता, म्हणाला, "अगं, घेतलास. माझ्यासमोर घेतलास. आता परत विचारलंस तर मीच ओढीन तो." त्याला हसायला काय जातंय! मला मेलीला सकाळ-संध्याकाळ एकच धास्ती, चुकला तर? बाजारात अर्ध्या वाटेवरून परत येते आणि आकडा बघते. वेड लागायची वेळ आली आहे.

दमा मला लागला तो तुझाच. दोन पावसांपूर्वी इथे रत्नागिरीत दाखवलं. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "काकी, हा रोज दोनदा. बरं वाटो न वाटो." घेतला. दोन महिन्यांत बाजाराच्या पिशव्या घेऊन घरची चढण न थांबता चढायला लागले. मग दिवाळीत माझं मीच ठरवलं की मी बरी झाले, आणि पंप कपाटात ठेवला. पौषात शेजारच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत गळलेल्या पानांचा पातेरा पेटवला, धूर सरळ आमच्या ओटीवर. बसल्या जागी श्वास आत जाईना. दवाखान्यात नेऊन तोंडाला मास्क लावला, तेव्हा कुठे बोलता आलं. दुसऱ्या दिवशी ती पोर चांगलीच रागावली. "बरं वाटत होतं ते या पंपामुळेच ना? आणि धाप लागल्यावर हा ओढून काही व्हायचं नाही. त्याला तो निळा. हा रोजचा, धाप लागूच नये म्हणून." मी हो हो म्हणत बाहेर आले आणि बाकावर बसले ती अर्धा तास उठलेच नाही. तुझ्या जावयाला वाटलं मला परत दम लागला. मला तुझं खोकं आठवलं होतं.

तेव्हा मी बावीस वर्षांची, औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायला लागून पुरतं वर्षही झालेलं नाही. पण गावात तू सांगून ठेवलेलं, पोरगी मेडिकलात हाय. वाडीतली माणसं गोळ्यांची पाकिटं माझ्यापुढे धरायची आणि मीही ऐटीत सांगायची, ही जेवणानंतर, ती उपाशीपोटी. तू मोठ्या डॉक्टरांना दाखवून थेट दुकानात आलास. दोन पंप दिलेले, एक निळा, एक तपकिरी. तपकिरी रोज दोनदा, असं चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते वाचलं, बाबा. वाचलं आणि वर शहाणपणा केला. काउंटरवर गिऱ्हाइकं बोलायची ना, पंपाची सवय लागते, मग सुटत नाही. तेच मी तुला ऐकवलं. "रोज कशाला? चांगला धडधाकट आहेस. धुरात जायच्या आधी घे, नाहीतर धाप लागली की घे." तू म्हणालास, "खोक्यावर लिव. मी इसरन." मी पेन घेतलं आणि तपकिरी पंपाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, धाप लागल्यास.

तू माझं बोलणं आणि ते अक्षर, दोन्ही तंतोतंत पाळलंस. वर्षभर पंप डब्यात आणि भाजवळीच्या दिवशी तेवढा बाहेर. भाताच्या रोपांचा तरवा करायच्या जागेवर शेण, तोडलेल्या फांद्यांची कवळं, पातेरा भाजायला पसरून झाला, वारा कुठला आहे ते बघून झालं, की तू पायरीवर बसायचास. चार वेळा पंप ओढायचास, डोळे मिटून श्वास धरायचास. काका हसायचा. तू म्हणायचास, "हसताव काय, माज्या पोरीनं लिवलान हाय." मग उठून धुरात शिरायचास. त्या शेवटच्या वर्षी मी दुकानात होते. दादाने सांगितलं ते सगळं नंतरचं. वारा फिरला, तू पायरीवर येऊन बसलास आणि तो तपकिरी पंप काढलास. "मारत व्हता, मारत व्हता, पन दम काय बसंना." निळा आत खुंटीवरच्या सदऱ्यात होता. चिपळूणला नेताना जीपमध्येच तू गेलास. रडत रडत मीच दादाला म्हटलं होतं, औषध लागू पडलं नाही रे. लागू पडेल कसं?

आता तर वाटतं, माझा हा रोजचा घोळ त्यातूनच आलाय. नवीन खोकं आणलं की त्यावर काही लिहायला माझा हात धजत नाही. तुझ्या जावयाला म्हणते, तू लिही. तो लिहितो आणि मी डॉक्टरांची चिठ्ठी शेजारी धरून तीनतीनदा ताडून बघते.

दादाचा काल फोन होता. म्हणाला, रविवारी भाजवळ आहे, तू लांब माडाखाली बस, पण ये. जाईन. आई आता थकली आहे, पण त्या दिवशी तिला तुझी आठवण आली की दरवर्षी एकच बोलते, "हट्टी मानूस. डाक्टरचा ऐकलान नाय." दादा तेच म्हणतो, काकाही तेच. आणि इतकी वर्षं सगळ्यांत ठासून मी म्हणत आले, औषधाच्या दुकानात काम केलेली ना मी! तू ऐकलं होतंस, बाबा. माझं ऐकलं होतंस. हे कागद घेऊन कुठल्या पोस्टात जाऊ? तुला कळवून तरी काय होणार, सांगायला हवं ते आईला. रविवारी ती परत तेच म्हणेल, आणि तेव्हा माझ्या तोंडून खरं निघेल याचा मलाच भरवसा नाही. कारण गेल्या वर्षी, दवाखान्याच्या त्या बाकावर सगळं कळून चुकल्यावरसुद्धा, ती म्हणाली तेव्हा मी भाकरीचा तुकडा मोडत म्हटलं, "हो गं, हट्टीच होता."