दोन कपांचा आवाज

माय,

काल परभणीला जाऊन आले. तू ज्याला काकूचं नाटक म्हणायचीस, त्या रेडिओवरच्या मालिकेला दहा वर्षं पूर्ण झाली म्हणून तिथं समारंभ होता. दहा वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी तेच घर, त्याच काकू, त्यांचे तेच तीन मुलगे आणि सुना. सकाळच्या गाडीनं सेलूहून निघाले, अकराच्या कार्यक्रमासाठी साडेदहाला सभागृहात जाऊन बसले आणि साडेबारापर्यंत पाहुण्यांची वाट पाहिली. पाहुणे आल्यावर हार झाले, शाल-श्रीफळं झाली, मग ज्यांनी हार घातले होते त्यांनाही हार झाले. भाषणं चार झाली. ही मालिका म्हणजे घराघराचा आरसा आहे, असं चौघांनीही सांगितलं. एकांनी तर कामाच्या व्यापात एकही भाग ऐकायला जमलं नाही हे कबूल केलं आणि तरीही आरसा म्हणाले. पुढच्या चार रांगा पाहुण्यांच्या घरच्यांना होत्या. खेड्यापाड्यांतून आलेल्या बाया मागं भिंतीला टेकून उभ्या. रेडिओ ऐकणाऱ्यांना मुकाट ऐकायची सवय असते, हे धरूनच सगळं चाललं होतं. मालिकेबद्दल ऐकणाऱ्यांना काय वाटतं हे विचारायला कुणी खाली उतरलं नाही. मला वाटतं, दहा वर्षांत उतरलं नसावं.

काकूंचं काम करणारी बाई पस्तिशीची असेल. आपण तिला पांढऱ्या केसांची धरून चाललो होतो.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं शिलाईचं दुकान आहे, त्या चाचांच्या ओट्यावर बसून आपण हे नाटक ऐकायचो. तू मोंढ्याजवळच्या धान्याच्या अडत्याच्या घरची भांडी उरकून, त्यांच्या संध्याकाळच्या चहाचं आधण उतरवून यायचीस. तुझा पदर ओला आहे. चाचा मशीनवरचा पाय थांबवतात, ‘बैठो भाभी’ म्हणतात आणि रेडिओचा आवाज वाढवतात. काकूंच्या घरी पाहुणे आलेले असतात. त्या घरी कायम पाहुणे येतात. काकू म्हणतात, ‘अगं, चहा ठेव गं.’ थोड्या वेळानं कपबशी वाजते, पाहुणे चहा पितात आणि थोरल्या मुलाच्या बदलीबद्दल बोलत राहतात.

“ही कुणाला सांगायलीय?” तू विचारलंस.

मी म्हटलं, “सुनेला सांगत असतील.”

“सुनंला सूनबाई म्हणती ती. ही दुसरीच हाय. चार वर्सं झाली, हिला चहा ठेव म्हणत्यात, कपबशी वाजती, अन् ही बया एक शब्द बोलत न्हाई. मुकी हाय का?”

चाचा दाताखालचा दोरा तोडत म्हणाले, “बोलने लगी तो पैसे देना पड़ता, भाभी. गूंगी सस्ती पड़ती.”

आपण तिघंही हसलो. तू आधी थांबलीस. “हसू नका भाई. त्या घरात ती हाय. मला ऐकू येतीय.”

त्यानंतर तू काकूंच्या सुखदुःखाकडं लक्ष देणं सोडलंस. तुझा कान त्या कपबशीवर. थोरल्याची बदली झाली का, धाकटीला दिवस गेले का, हे बाकीच्या बाया विचारायच्या आणि तू म्हणायचीस, आज दोनदा चहा केला तिनं. एकदा काकूंच्या घरात दिवसभर लग्नाची धांदल चालली होती, चाळीस पानं उठली, आणि एकही भांडं वाजलं नाही. तू घरी येईपर्यंत चिडलेली होतीस. “येवढं खरकटं कुठं गेलं?” एवढंच म्हणालीस आणि चूल पेटवायला बसलीस.

मग रेडिओवाल्यांना पत्र लिहायचं ठरलं. मी तेव्हा कॉलेजात मराठी घेऊन शिकत होते. मॅट्रिकनंतर तू दिलेलं शाईचं पेन होतं. चाचांच्याच ओट्यावर, मांडीवर वही ठेवून मी बसले आणि तू सांगू लागलीस. “नमस्कार-बिमस्कार काय आसंल ते तुझं लिव्ह. पुढं माझं लिव्ह. जिला तुमी चहा ठेव म्हणता ती मुकी हाय का? मुकी आसंल तर तसं सांगा, आमी पुन्ना इचारणार न्हाई. नसंल तर येक दिवस तिला बोलू द्या. काय बी बोलू द्या. साखर संपली म्हणू द्या.” चाचांनी मशीन थांबवलं होतं. ते म्हणाले, “वाह भाभी, वकील होना था तुम.” तू मला म्हणालीस, “वाच बरं.” मी वाचून दाखवलं. तू मान हलवलीस. “खाली माझं नाव नीट लिव्ह. पत्ता भाईच्या दुकानाचा दे, आपल्याकडं पोष्टमन येत न्हाई.”

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी नाटक संपलं की श्रोत्यांची पत्रं वाचायचे. तू त्या गुरुवारी लवकर यायचीस. पदर कोरडा असायचा, म्हणजे अडत्याच्या घरी काहीतरी तसंच टाकून आलेली असायचीस. पहिल्या महिन्यात म्हणालीस, आज पोचलं नसंल. दुसऱ्यात म्हणालीस, आज आसंल. चौथ्या महिन्यात पत्रं संपली, बाजरीचे भाव सुरू झाले आणि तू उठताना म्हणालीस, “मोठ्या लोकाला आसलं इचारू नये. राग आला आसंल त्यांना.” मी म्हटलं, “त्यांच्याकडं ढिगानं पत्रं येतात माय.” पुढच्या वर्षी दुष्काळ आला आणि त्यातच तू गेलीस. तापात असताना एका गुरुवारी मी ओट्यावरून परत आले, तेव्हा तू डोळे न उघडता विचारलंस, “बोलली का गं ती?”

गेल्या महिन्यात चाचा धापा टाकत घरी आले. आता त्यांना दुकानापासून इथवरही चालवत नाही. हातात तुझ्या नावाचं पाकीट. “जवाब आया, बेटी! देर से आया, पर आया.” आत समारंभाचं निमंत्रण होतं. श्रोत्यांची जुनी निवडक पत्रं स्वतः काकू वाचणार होत्या आणि त्यांत तुझं पत्र होतं. तू नाहीस हे त्यांना कोण कळवणार? चाचा म्हणाले, “तू जा. पूछ के आना. गूंगी थी क्या.”

तर काकूंनी काल तुझं पत्र वाचलं. ‘आपल्या मालिकेतील काकू आम्हांस आमच्याच घरातील वाटतात. त्यांच्या वाणीतील मायेचा ओलावा आमच्या श्रमलेल्या दिवसास विसावा देतो.’ अशा आठ ओळी. मग तुझं नाव, चाचांचं दुकान, सेलू. निवेदक म्हणाला, “एका कष्टकरी भगिनीचं हे मराठी पाहा, रसिकहो!” पुष्कळ टाळ्या झाल्या. त्यांनी मला उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले. दोन शब्द बोला म्हणाले. मी म्हटलं, “आईला ही मालिका फार आवडायची.” आणि बसले.

त्यानंतर त्यांनी गंमत म्हणून एका गृहस्थांना पुढं आणलं. साठीचे, टोपी घातलेले, संकोचलेले. मालिकेतले सगळे आवाज हे काढतात. त्यांनी जुन्या छत्रीची उघडझाप करून कबुतरं उडवली, नारळाच्या करवंट्यांवर टांगा चालवला. मग काकू ध्वनिक्षेपकासमोर आल्या आणि लाडानं म्हणाल्या, “अगं, चहा ठेव गं.” त्या गृहस्थांनी खिशातून दोन कप आणि एक बशी काढली. कप बशीवर हलकेच टेकवले, एक जरासा फिरवला. तोच आवाज, माय. सगळं सभागृह हसलं. मागं उभ्या असलेल्या बायाही हसल्या.

कार्यक्रम संपल्यावर ते कप रुमालात गुंडाळत होते. मी जाऊन विचारलं, “ती बाई कोण होती?”

“कोणती बाई?”

“काकू जिला चहा ठेव म्हणतात ती.”

त्यांनी रुमालाची गाठ मारली. “बाई नाही ताई. कागदावर ‘कपांचा आवाज’ एवढंच असतं.” मग त्यांनाच ते बरं वाटलं नसावं. “खरं सांगू का? दहा वर्षांत कुणी विचारलंच नाही. एखादं जरी पत्र आलं असतं ना, तर लेखकानं दोन वाक्यं घातली असती. ते श्रोत्यांचं ऐकतात. एका पत्रावरून त्यांनी धाकट्याचं लग्न मोडलंय.”

गाडीत बसल्यावर मी त्या सगळ्यांवर चिडले होते. हारांवर, आरशावर, निवेदकावर, त्या हसणाऱ्या बायांवर. मानवत रोड स्टेशन येईपर्यंत तो राग पुरला.

तू सांगत होतीस तेव्हा मी कागदावर दुसरंच लिहीत होते. पुढं स्वतःला सांगत आले, की अडत्याची बायको तेच नाटक ऐकते, तुझं नाव आणि तो प्रश्न तिच्या स्वयंपाकघरात पोचला असता, तुझं काम गेलं असतं. ते तेव्हा मनातही नव्हतं. तुझी वाक्यं मला पत्रात घालण्यासारखी वाटली नाहीत, इतकंच. ‘मायेचा ओलावा’ मला सुंदर वाटलं होतं. तू “वाच बरं” म्हणालीस, तेव्हा मी कागदाकडं बघत तुझीच वाक्यं म्हणून दाखवली. ती मला पाठ झाली होती. अजून आहेत.

संध्याकाळी चाचा ओट्यावर वाट बघत होते. “पूछा क्या?”

“विचारलं.”

“फिर? गूंगी थी?”

“बाईच नव्हती चाचा. दोन कप होते.”

त्यांनी मशीनवरचं कापड घडी करून ठेवलं. मग म्हणाले, “भाभी की चिठ्ठी दबा दी उन लोगों ने.” मी हो म्हटलं.

आज हे सगळं जसं झालं तसं लिहिलं आहे. पण मी जसंच्या तसं लिहितेय, ही खात्री तुला त्या दिवशीही होती.