उरलेली चिठ्ठी

॥ श्री ॥

वाकोला,
५ ऑक्टोबर २०२४

ती. भावोजींस, सुलक्षणाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि मला ओरडायचं त्राण राहिलेलं नाही, म्हणून पत्र. ह्यांची तब्येत अंगाने बरी आहे. विसरणं मात्र फार वाढलंय.

ह्यांनी जुनी राजदूत जिन्याखाली सुटी करून ठेवलीय, ते तुम्हाला ठाऊक आहे. इंजिन आमच्या सुयोगने मेकॅनिककडून करून आणलं. टाकी, मडगार्ड, चेनकव्हर ह्यांनी स्वतः घासून रंगवलं. तुमच्या भावाचा हात अजून झकास चालतो, त्यात वाद नाही. पण सकाळी रंग वाळलेला असतो आणि तो आपणच दिला हे ह्यांना आठवत नाही. पुन्हा पॉलिश पेपर घेऊन पत्रा उघडा पडेपर्यंत घासत बसतात. टाकी चौथ्यांदा रंगवून झाली. सुयोग रविवारी जे बसवतो, ते सोमवारी खोललेलं असतं. अडवलं तर म्हणतात, दादाने तपासल्याशिवाय भाग बसत नाही.

सोसायटीने महिनाअखेर जागा मोकळी करायला सांगितलीय. तोवर गाडी उभी राहिली नाही, तर सुयोग ती भंगारात देणार. त्याचंही चुकत नाही. पण ती गेल्यावर हे सकाळी उठून करणार काय? मी थकले भावोजी. हल्ली भातालाही रंगाचा वास येतो.

काही सुचलं तर कळवा. लोभ आहे तसाच राहू द्या.

सुलक्षणा


आचरा,
१२ ऑक्टोबर

चि. सौ. सुलक्षणास अनेक उ. आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचले. राजारामला वेड लागलेले नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तो फिटर आणि मी तपासनीस. माझ्या सहीची पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्याने बांधल्याशिवाय त्याचा एकही भाग पुढे जात नसे. सख्खा भाऊ म्हणून कधी सवलत दिली नाही. एकदा त्याचे काम तीन वेळा परत पाठवले, तर आठवडाभर माझ्याशी अबोला. सगळे विसरला आणि नेमका माझा खाष्टपणा लक्षात ठेवला, हे माझे नशीब.

सोबत बारा चिठ्ठ्या पाठवत आहे. प्रत्येकीवर ‘तपासले. ठीक. हात लावू नये.’ असे लिहून सही केली आहे. रंग वाळला की बांध. न बघता सही जन्मात केली नव्हती. ऐंशीव्या वर्षी तुझ्यासाठी ही चोरी करतो आहे.

खरे तर मीच यायला हवे. गुडघे दुखतात हे एक कारण. दुसरे असे, की त्याने मला ओळखले नाही तर काय, याची भीती वाटते.

तू जेवणखाण वेळेवर कर. म्हाताऱ्याची माया पत्राच्या आकाराएवढी धरू नकोस.

लवू


वाकोला,
२८ ऑक्टोबर

ती. भावोजींस सा. न.

चिठ्ठ्या लागू पडल्या. तुमचं अक्षर दिसलं की हे हात मागे घेतात आणि दुसऱ्या भागाकडे वळतात. अकरा भाग, अकरा चिठ्ठ्या. काल गाडी उभी राहिली आणि तिसऱ्या किकला सुरू झाली. चिठ्ठ्या काढायच्या नाहीत, असा ह्यांचा हुकूम. सुयोग त्या फडफडवतच वाकोला ब्रिजपर्यंत जाऊन आला. पोरं हसली, पण त्याने मनावर घेतलं नाही.

एक चिठ्ठी उरली. आज सकाळी हे पुन्हा पॉलिश पेपर शोधत घरभर फिरत होते. काम संपलं हे पटतच नव्हतं. मी आपली गंमत म्हणून ती ह्यांच्या मनगटाला बांधली आणि म्हटलं, आता तुम्हीही ठीक. ह्यांनी ती वाचली. सहीवरून अंगठा फिरवला. मग दाताने दोरा सोडवून माझ्या हातात परत दिली आणि एवढंच म्हणाले, "दादान माका खंय बघल्यान?"

तुम्ही ह्यांना बघून चार वर्षं झाली भावोजी.

चिठ्ठी सोबत परत पाठवतेय. सुयोग कुर्ल्याला टर्मिनसवर घ्यायला येईल. लोभ यावेळी पत्रातून पाठवू नका. येताना चिठ्ठी आणा, आणि तुमच्या हाताने बांधा.

सुलक्षणा