शेवटपर्यंत बघतं कोण?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
आली! माझी सिरीज आली एकदाची. आठ भाग, सगळे संवाद माझे. प्लॅटफॉर्मवाल्या प्रीतमने सकाळीच बजावलं — "लोक आठव्या भागापर्यंत टिकले तरच दुसरा सीझन. नाहीतर विसर."

सासूबाई त्यांच्या कोरियन नायकाला सोडायला तयार नाहीत! हिंदीत डब केलेला, सारखा रडणारा. आणि सुनेने लिहिलेली, इथे डोंबिवलीतच घडणारी गोष्ट? "बघेन गं, हे संपू दे."

बाबांनी मात्र दिवसभरात सगळे भाग संपवले. सासरा असावा तर असा. मग संध्याकाळभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले, चहा गार झाला तरी.

सोमवार, १०
नवरा, अद्वय, दुसऱ्याच भागात घोरायला लागला. त्याच्याशी बोलणं बंद.

बुधवार, १२
आकडे पडलेत. प्रीतम म्हणतो, "मराठी ऑडियन्स मराठी बघतच नाही यार, मी काय करू?" डोकं फिरलं! मराठी मराठी म्हणून गळे काढायचे आणि रिमोट हातात आला की खून नाहीतर कोरिया. ढोंगी मेले!

शनिवार, १५
फडके रोडवर भाजी घेत होते. मागे दोघी बोलत होत्या — "ती रखमाबाई म्हणजे अगदी आमच्या वन्सं!" रखमाबाई? माझं पात्र! औषधाच्या दुकानातला सूरज तर म्हणाला, "ताई, लास्ट सीन खतरनाक! रडलेलो मी."

मग आकडे जातात कुठे? प्रीतमला फोन करून वाटेल ते बोलले. चोर म्हटलं. त्याने निमूटपणे आकड्यांचा फोटो पाठवला. खरंच कोणी नाही.

मंगळवार, १८
दुसरा सीझन रद्द. जेवले नाही. सगळ्या गावाच्या नावाने बोटं मोडली. बाबा तेवढे जवळ येऊन बसले. "लोकांना कदर नाही गं," म्हणाले.

बुधवार, १९
सूरजला विचारलं, कुठे बघितलीस? त्याने फोन पुढे केला. ग्रुपवर आलेल्या आठ फाइली. वर मजकूर — 'आमच्या सूनबाईंचे लेखन. वर्गणी भरण्याची गरज नाही. सहकुटुंब पाहावे व पुढे पाठवावे. — विश्राम, बी विंग.'

तणतणत घरी आले. बाबा दारातच उभे, हसत — "क्षिप्रा, सगळे विचारतायत गं, पुढचा सीझन कधी?"