पूर्वीच्या लाल दातांची हकीकत

रा. रा. चिंतामणराव, इंदापूर यांस पिंपळीहून रामहरीचा रामराम. तुमची शुगर, वहिनींचा गुडघा आन म्हशीचं कसं काय ते कळवावं. हितं समदे खुशाल, असं लिवायची रीत हाय म्हणून लिवतो. खरं तर परवापासून घरात कुणी तोंड उघडून हसलेलं न्हाय. (फोनवर बोललो तर तुमची भैन कान लावून ऐकती, म्हणून हे पत्र झुंबरच्या दुधाच्या गाडीतनं धाडतोय.)

परवा दिवेलागणीला मी उसाला पाणी देऊन मोटर बंद करत हुतो. वारा पडलेला. तेवढ्यात गाडीवाटेनं शाळेची पोरं आली. एरवी ही फौज आली की कारखान्याचा भोंगा बरा म्हणायची पाळी. परवा चिडीचूप, एकामागं एक. माझ्यापाशी थांबली आन समद्यांनी एकदम ओठ मागं ओढले. दात लालभडक! हिरडीपाशी तर रक्त साकळल्यागत. पुढं आपली नात पूर्वी. "काय खाल्लंस गं?" म्हणलं, तर पोरगी बोलंना, नुसते दात दाखवी. चिंतामणराव, मी भुताखेताला भ्यायचा न्हाय (तुमच्या भैनीसंगं संसार केलाय), पर पोरीचं मनगट धरून थेट घर गाठलं.

घरी तुमच्या भैनीनं, कुशानं, पोरीला उंबऱ्याभाईरच थांबवून मीठ-मिरच्या ओवाळल्या, चुलीत टाकल्या. ठसकाच लागंना! म्हंजे दृष्ट जबर. (मिरच्या जुन्या, हे मागनं कळलं.) मग भाकरी-लिंबाचा उतारा घेऊन तिकाटण्यावर, तीन वाटा मिळत्यात तितं गेली, मागनं मी आन पूर्वी, तर तितं निम्म्या गावाच्या बाया उतारं घेऊन हजर. कुणाचा पाय पुढं पडंना.

तेवढ्यात शाळेतलं दातांचं शिबिर उरकून बारामतीच्या स्वरूपा डाक्टरीणबाई तितनंच निघाल्या. त्यांनी गाडी थांबवून उलगडा केला. पोरांना चघळायला गोळी दिली हुती. दाताला घाण चिकटलेली असंल तितं लाल रंग चढतो. घरच्यांना दाखवल्याबिगर बोलायचं न्हाय, चूळ भरायची न्हाय, असा हुकूम. बाया हसल्या. मीबी हसलो.

मग बाईंनी पूर्वीच्या तोंडात बॅटरी मारली आन माझं हसू गेलं. खालच्या दातांमागं पिवळा दगड. थुंकीतला चुना बसून बसून तयार झालेला. त्यावर जंतू जित्ते असत्यात म्हणं, रातंदिस हिरडी खात्यात आन आवाज न्हाय. पोरगी जेमतेम दहाची. रोज सकाळी थुंकीत रक्त, आन आमाला पत्ता न्हाय. आज्जीचं बघून चोरून मिसरी लावती. साफ केलं न्हाय तर हिरडी दात सोडंल म्हणत्यात. मला लई भ्या वाटतंय. बेस्तरवारी बारामतीला बोलावलंय, पर कुशा पोरीला सोडंना. "ह्यो दगड, कीट, काढलं की दात हलत्यात, कीटावरच दात उभं हायती," हा एकच हेका.

आपला,
रामहरी

ता. क. : म्हशीचं राहू द्या. खरं काम हे, की बेस्तरवारी सकाळच्या एसटीनं या. कुशा फकस्त थोरल्या भावाचं ऐकती.

ता. क. दुसरा : आत्ता बघतो तर कुशा आरशाम्होरं उभी, ओठ मागं ओढून. पापणी हलंना. सगळं तोंड लाल. बाईंनी दिलेली जादा गोळी गुपचूप चघळली हुती. मला बघून म्हणाली, "पोरीला ही खोड माझी लागली. आधी माझा दगड काढा, ती बघंल, मग ती बसंल." तवा समजवायला यायची गरज न्हाय. तरी या. पूर्वीचा हात आज्जी धरंल, आज्जीचा मी; माझा कोण धरणार? मघापासनं खालच्या दातांमागं जीभ फिरवतोय. काहीतरी हाय. तुमीबी फिरवून बघा.