माझ्या चाकांत हवा मीच भरणार

६ एप्रिल, सोमवार
हवेचा पंप सिगारेट पेटवायच्या भोकात लावा, असं खोक्यावर छापणाऱ्याला भर उन्हात वाळूत उभा करायला हवा. लावला की मी! पंप दोनदा खोकला आणि गप्प. सोबत जीपचा रेडिओही गेला. आमच्या या युटामधल्या गावात चर्चच्या धाकाने सिगारेट ओढणारा माणूस औषधालाही मिळायचा नाही, पण भोक मात्र प्रत्येक गाडीत.
पंप केंटने दिला. केंट म्हणजे जावई. गालिचे विकतो. त्याने दिलेली वस्तू चालेल, असं मला तरी का वाटावं?
पण चालवावी लागणार. माझ्या लेकीने, मार्वाने, अट घातलीय. अठरा तारखेला जीप क्लबची वाळूतली सहल. मी एकटीने जीप नेऊन एकटीने परत आणली, तर जीप माझ्याकडेच राहणार. कोणाची दोरी, धक्का किंवा हवा घेतली, तर जीप विकायची आणि मी रविवारी मार्वाच्या गाडीतून चर्चला जायचं. मार्वाच्या गाडीत पुढच्या सीटवर तिचा कुत्रा बसतो. मी मागे.
जीप चालवण्यात मला कोणी हरवत नाही. कटकट फक्त हवेची. वाळूत शिरताना चाकांतली निम्मी हवा सोडायची, नाहीतर रुततं. बाहेर आल्यावर परत भरायची, नाहीतर डांबरी रस्त्यावर टायरच्या चिंध्या होतात. सोडायला काय, शेंबडं पोरही सोडतं. भरायची वेळ आली की सगळे पुरुष मदतीला धावतात आणि मग वर्षभर सांगत फिरतात.
निश्चय: या वर्षी कोणाला काही सांगायला मिळणार नाही.

७ एप्रिल, मंगळवार
फ्यूज जळला होता. बदलला. परत जळला. फ्यूज हल्ली कागदाचे करतात.
शेजारचा डेलमार कुंपणावर कोपरं टेकून उभा. म्हणाला, अगं ओर्फा, त्या पंपाला करंट किती लागतो! त्या भोकाची तेवढी ताकद नाही. पंपाचे चिमटे थेट बॅटरीला लाव आणि इंजिन चालू ठेव. मी म्हटलं, डेलमार, तू आयुष्यभर शाळेची बस चालवलीस, तीही ठरलेल्या रस्त्याने. तो म्हणाला, पण ती कधी बंद पडली नाही. मी म्हटलं, पोरं ढकलत असतील.
निश्चय: मोठा फ्यूज आणायचा. डेलमारचं ऐकायचं नाही.

८ एप्रिल, बुधवार
मोठा फ्यूज बसवला. मजबूत. जळला नाही.
वायर जळली. डॅशबोर्डमधून धूर आला, पण फ्यूज शाबूत राहिला. म्हणजे फ्यूजबद्दल माझं बरोबरच होतं.
किरकोळ नुकसान: हॉर्न वाजत नाही (मला ओरडता येतं). उजवीकडे वळायचा दिवा लागत नाही. चर्च, दुकान, दवाखाना, सगळं डावीकडेच आहे. परत येतानाचं येताना बघू.

११ एप्रिल, शनिवार
जमलं!!
खोक्याच्या तळाशी तारेचे दोन चिमटे सापडले, एक लाल, एक काळा. ते सरळ बॅटरीला लावायचे, असं मला आपोआप सुचलं. पंप असा घरघरला की डेलमारची कोंबडी खुराड्यात पळाली. तो कुंपणावरून ओरडला, ऐकलंस म्हणायचं शेवटी! काय ऐकलं? मी ऐकलं नाही, मला सुचलं.
दुकानातून आल्यावर इंजिन बंद करायचं राहिलं होतं, ते सगळा वेळ चालूच. उगाच पेट्रोल जळलं. पुढच्या वेळी लक्षात ठेवायचं.
तिसऱ्या चाकाला पंप तापून आपला आपण थांबला. हात लावून पाहिला, बोट भाजलं. आत जाऊन पाई खाल्ली (रूबार्बच्या आंबट देठांची), बाहेर आले तर चालू झाला. म्हणजे त्यालाही दुपारची डुलकी लागते. स्वभाव कळला की यंत्र ऐकतं. व्हर्लचंही तसंच होतं. व्हर्ल म्हणजे माझा नवरा. गेला. जीप माझ्या नावावर करून गेला, हे त्याचं एक शहाणपण.

१५ एप्रिल, बुधवार
मार्वाचा फोन. मम्मा, अजून वेळ आहे, नको जाऊस, म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या कुत्र्याला सांग, त्याची सीट सुरक्षित आहे. मी मागे बसायला येत नाही.
मागून केंट ओरडला, मम्मा, पंप चालवताना इंजिन चालू ठेवा हं, नाहीतर बॅटरी उतरेल! मी म्हटलं, केंट, तू गालिचे बघ. बॉनेटखाली हात घालताना इंजिन बंद ठेवावं, हे कुठल्याही शहाण्या बाईला कळतं. इंजिनच्या फिरत्या पट्ट्यात बाही अडकली तर बाहीसकट बाई जाते.
निश्चय: शनिवारी इंजिन बंद. हात शाबूत, पेट्रोल शाबूत.

१७ एप्रिल, शुक्रवार
तयारी. सँडविच, रूट बीअर (नावालाच बीअर, गोड सोडा तो), क्लबसाठी हिरवा जेलो, म्हणजे थलथलती जेली. घडीची खुर्ची. नवी लिपस्टिक. घरी परतल्यावर मार्वाला काय म्हणायचं ते आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा फारच छान झालं, मलाच भरून आलं.

१८ एप्रिल, शनिवार, सकाळी
गुडघा ठीक. आभाळ ठीक. डेलमारही क्लबात आहे, त्याने टोपी उलटी घातलीय. दिवस माझा आहे.

त्याच दिवशी, दुपारी
जीपमध्ये बसून लिहितेय. वाळूत माझ्यासारखं कोणी चालवलं नाही. मोठ्या टेकडीवर दोन तरणेताठे रुतले आणि मी त्यांच्या बाजूने हात हलवत वर गेले. काय ते तोंड त्यांचं!
आता डांबरी रस्त्याच्या कडेला झाडाखाली सगळे हवा भरायला थांबलोत. क्लबचा नियम असा की शेवटच्या माणसाचं शेवटचं चाक भरेपर्यंत कोणी हलायचं नाही. चांगला नियम आहे. इतर वर्षी.
इंजिन बंद केलं, चिमटे लावले. पहिलं चाक भरलं. दुसऱ्याला पंपाचा आवाज बारीक होत गेला, मग आजारी मेंढीसारखा, मग नाहीच. डुलकी लागली असेल म्हणून थांबले. उठला नाही. जीप चालू करून पाहिली. टक्. बस, एवढंच.
थांबलेय.
बाकीच्यांची चाकं केव्हाच भरली. खुर्च्या उघडून बसलेत. जेलो संपवला, भांडंसुद्धा चाटलं. क्लबचा प्रमुख, ब्रदर ऑर्विन, दर थोड्या वेळाने येतो. सिस्टर ओर्फा (चर्चमुळे आम्ही सगळे ब्रदर-सिस्टर), झालं का? मी म्हणते, झालंच. मघाशी विचारलं, कुठलं चाक झालं? त्याला म्हटलं, तू तुझ्या खुर्चीवर जा.
सायकलचा हातपंप काढला. घाम येईपर्यंत मारला. चाक होतं तसंच. मी मात्र आकसले.
डेलमार केबल घेऊन आला. म्हणाला, माझ्या बॅटरीतून करंट देतो, घे. मी विचार केला. मार्वा दोरी म्हणाली, धक्का म्हणाली, हवा म्हणाली. करंटचं नाव तिने काढलेलं नाही. घेतला. कायद्यात बसतो. जीप सुरू झाली! डेलमार म्हणाला, आता काही झालं तरी इंजिन बंद करू नकोस. म्हटलं, बरं बरं.
पंपाचे चिमटे लावायला बॉनेटखाली हात घालायचा होता. म्हणून इंजिन बंद केलं.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने
डेलमारने परत करंट दिला. म्हणाला, ओर्फा, माझ्याकडे बघ. बंद. करायचं. नाही. मी त्याच्याकडे बघत होते, तेवढ्यात बाही पट्ट्याजवळ गेली. भीतीने धावत जाऊन किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. बाही वाचली, एवढं तरी लिहून ठेवते.
आता डेलमारच्या गाडीचंही टक् टक् सुरू झालंय. ऑर्विन खुर्चीतून उठला. त्याच्या हातात दोरी दिसतेय. बाकीचेही उठले.  

१९ एप्रिल, रविवार
जीप अंगणात आहे. ऑर्विनने दोन्ही गाड्यांना करंट दिला. डेलमारची धावली, माझी टक्. मग त्याने दोरी काढली, पण डेलमार त्याला म्हणाला, शेजारीण माझी आहे, ओढणार मी, माझ्या दोरीने. दुसऱ्याच्या पंपाने माझ्या तीन चाकांत हवा भरली. मग मला घरापर्यंत ओढत आणलं. क्लबच्या सगळ्या जीप मागे, रांगेत, हळू, दिवे लावून. नाक्यावरच्या म्हातारीने अंत्ययात्रा समजून टोपी काढून छातीला लावली. डेलमार प्रत्येक वळणावर खिडकीतून हात काढून उजवीकडे, डावीकडे दाखवत होता, दोघांसाठी.
चर्चला गेले नाही. गुडघा दुखतो असं कळवलंय. गुडघा दुखत नाही.
बॅटरी डेलमारने नेऊन चार्जिंगला लावली. ती पोचवायला आला तो पीच कॉब्लर (पीचचा गोड पदार्थ) खात बसला. दुसरी वाटी चालू आहे. म्हणतोय, इंजिन चालू ठेवून एकदा नीट शिकवतो. म्हटलं, कशाला? जीप कुठे राहणार आहे? तर म्हणाला, नीट शिकते, जीप राहू दे, असं मार्वाला सांगून तर बघ. खाताना सुचतं याला.
फोन वाजतोय. मार्वाचा नंबर. थांबला. परत वाजतोय.
डेलमार, वाटी खाली ठेव. दोरी तुझी होती. फोन तूच उचल.